शस्त्रक्रियेआधी सांगावयाची गोष्ट

‘अंग बाहेर येणे’ हे दुखणे स्त्रिया एकमेकींच्या कानात सांगतात. दवाखान्यापर्यंत ते पोहोचते तेव्हा बहुधा बरीच वर्षे लोटलेली असतात. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेली ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ होत्या. इतका संकोच ओलांडून शस्त्रक्रियेला तयार झालेल्या स्त्रीला तिचे परिणाम आधी समजावून सांगणे, हे वैद्यकाचे कर्तव्य ठरते.

मूत्राशय व गर्भाशय खाली उतरले की मूत्रमार्ग मुरडतो. त्यामुळे कित्येकींना लघवी पूर्ण होत नाही. काहींच्या बाबतीत मात्र हीच मुरड बुचासारखी काम करते आणि मूत्रमार्गाचे मूळचे दौर्बल्य झाकून ठेवते. शस्त्रक्रियेने अवयव जागेवर आले की पहिलीची अडचण बहुधा दूर होते. दुसरीला खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी गळू लागते. शस्त्रक्रिया फसली, असाच तिचा समज होतो.

हा प्रकार विरळा नाही. अशी तक्रार नसलेल्या ३२२ स्त्रियांवर पोटातून केलेल्या शस्त्रक्रियेची अमेरिकन चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी शंभरातील ४४ जणींना गळती आढळली. मूत्राशयाच्या मानेला आधाराचे टाके त्याच वेळी घातलेल्या गटात हे प्रमाण २४ होते. मग सर्वांनाच जादा आधार का देऊ नये? २०१२ च्या दुसऱ्या चाचणीत योनिमार्गाने शस्त्रक्रिया करताना आधाराची पट्टी बसविली गेली. गळती घटली, पण मूत्राशयाला छिद्र पडणे, जंतुसंसर्ग व लघवी साफ न होणे या तक्रारी वाढल्या. म्हणजे दोन्ही वाटांना किंमत आहे, आणि ती मोजणार स्त्रीच.

आधीच भ्यालेल्या रुग्णाला आणखी का भिववावे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु पूर्वसूचना मिळालेली स्त्री गळती दिसताच उपचारासाठी परत येते. न मिळालेली पुन्हा मौनात जाते. मूत्राशय भरलेले असताना, बाहेर आलेला भाग आत सारून खोकावयास सांगणे, या तपासणीला यंत्र लागत नाही. तिने प्रत्येक वेळी अचूक भाकीत होत नसले, तरी बोलण्यास आरंभ होतो. शिरोडकर व पुरंदरे यांच्यासारख्या मुंबईच्या शल्यविशारदांनी या व्याधीवर स्वतःच्या शस्त्रक्रिया सिद्ध केल्या. त्या परंपरेला शोभावयाचे, तर संमतिपत्रावर पतीच्या सहीपूर्वी पत्नीशी पाच मिनिटांचे संभाषण झाले पाहिजे.