हॉप्सची वेल, मोहाचे झाड आणि अबकारीची वही

१/ परसबागेत हॉप्सची वेल चढवायची, तिची फुले खुडायची आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यात बिअर आंबवायची, अशा चित्रफिती सध्या आपल्या पिढीत आवडीने पाहिल्या जातात. त्यांच्याखाली इतिहासप्रेमी म्हणविणारी मंडळी एक विधान हमखास करतात : "घरी मद्य बनविणे ही पाश्चात्त्यांची सुसंस्कृत हौस. आपल्याकडे होती ती हातभट्टी." या धाग्यात मी या विधानाचा प्रतिवाद करणार आहे.

२/ माझे म्हणणे एका वाक्यात असे : घरगुती मद्यनिर्मिती आपल्याकडेही होती. ती गुन्हा ठरली, तेव्हा कारण नीतीचे नव्हते, महसुलाचे होते. 'हौस' आणि 'हातभट्टी' हा भेद संस्कृतीने केलेला नाही, अबकारी खात्याच्या वहीने केलेला आहे.

३/ आधी वनस्पतीविषयी. मी बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजीचा. मलकापूर आणि नांदुरा यांच्यामधले, मुंबई-नागपूर महामार्गावरचे हे गाव. येथे हॉप्स लावण्याचा उत्साह कुणी दाखवलाच, तर फुलांची आशा धरू नये. त्या वेलीला थंडीत निद्रा हवी आणि उन्हाळ्यात लांबच लांब दिवस. भारतात ती लागवड झाली ती हिमाचलातल्या लाहौलसारख्या प्रदेशात. आमच्याकडे मे महिन्यात तापते ती कपाशीची काळी जमीन.

४/ पण गावापासून उत्तरेकडे पाहिले की सातपुडा आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या त्या डोंगरपट्ट्यात कोरकू, भिल्ल, भिलाला, निहाल यांची वस्ती आहे, आणि तेथे मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याची फुले टपटप गळतात. वेचायची, वाळवायची, भिजत घालायची, आंबू द्यायची आणि मडक्यावर मडके चढवून गाळायची. परसबागेतली बिअर ज्या अर्थाने 'घरची', त्याच अर्थाने हीदेखील घरचीच.

५/ शास्त्रीय भेद मान्य केला पाहिजे. बिअर नुसती आंबवलेली असते, मोहाची दारू आंबवून नंतर गाळलेली. त्यामुळे दुसरी अधिक तीव्र. मात्र कायद्याने आमच्याकडे हा भेद करून सौम्य ते मोकळे ठेवले, असे झालेले नाही. शिंदीच्या झाडाची ताडी आंबते ती आपोआप, भट्टीशिवाय. तीही परवान्याच्या जाळ्यात आलीच.

६/ "राज्यसंस्थेने मद्यावर नियंत्रण ठेवणे ही तर प्राचीन रीत आहे," असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते चांगलेच कडक आहे. पण त्याच प्रकरणात कुटुंबांना कार्यप्रसंगी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा आहे. उत्सव आणि यात्रांसाठी चार दिवसांची सवलतही आहे. मक्तेदारीचा एवढा कट्टर पुरस्कर्ता, पण त्यानेही घराचा उंबरठा ओलांडला नाही.

७/ तो उंबरठा ओलांडला गेला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या काळात तो कठोरपणे राबवला गेला. धोरण सरळ होते : विखुरलेल्या भट्ट्या बंद करा, मोजक्या मध्यवर्ती आसवन्यांत दारू गाळा, विक्रीचा मक्ता द्या आणि प्रत्येक गॅलनवर कर घ्या. उरणच्या आसवन्यांमधून मोहाची दारू इलाखाभर जाऊ लागली.

८/ येथे नीट लक्ष द्यावे. सरकारने मोहाची दारू बंद केली नाही. सरकारने ती गाळण्याचा गावाचा अधिकार बंद केला. फूल तेच आणि कैफही तोच. बदलला तो पैशाचा मार्ग. कालपर्यंत जे घरी होत होते, ते आज रोख मोजून मक्तेदाराच्या दुकानातून आणायचे, आणि रोकड नसेल तर उधारीवर.

९/ तरीही लोक घरी गाळतच राहिले. मग १८९२ चा मोहफुलांचा कायदा आला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. आता दारूच नव्हे, फूल बाळगण्यावरच निर्बंध. मोहफूल हे गरिबाचे अन्नही होते. दुष्काळात ज्वारी संपली की डोंगरातली माणसे ते शिजवून खात. महसुलाची गळती थांबवण्यासाठी सरकारने भाकरीच्या पर्यायालाही कुलूप लावले. याला नैतिक सुधारणा म्हणायचे असेल, तर शब्दांना अर्थच उरत नाही.

१०/ याच सुमारास खुद्द इंग्लंडात काय चालले होते? १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर रद्द करून बिअरवर कर बसविला. घरी बिअर करणाऱ्याला परवाना घ्यावा लागला, पण अधिकार राहिला. १९६३ मध्ये तो परवानाही रद्द झाला. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने घरगुती बिअरला संघीय करातून सूट मिळाली. आज आपण ज्या चित्रफिती पाहतो, ती हौस या सवलतींचे फळ आहे.

११/ म्हणजे एकाच साम्राज्याचे दोन न्याय. तिकडच्या शेतमजुराचे पिंप हा गृहजीवनाचा भाग, इकडच्या कोरकूचे मडके हा मुद्देमाल. आपली पिढी या भेदालाच 'संस्कृती' समजत असेल, तर वसाहतवादावर लिहिलेले आपले निबंध वाया गेले.

१२/ आता सर्वांत महत्त्वाचा आक्षेप : "फुले, टिळक, गांधी सगळेच दारूच्या विरोधात होते. मग ते चुकले काय?" मुळीच नाही. पण ते नेमके कशाच्या विरोधात होते, हे वाचायला हवे. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी पत्र लिहून आक्षेप घेतला तो शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांवर. १९०८ मध्ये पुण्यात स्वयंसेवकांनी निरोधन केले तेही परवानाधारक दुकानांपुढे.

१३/ १९२२-२३ चे देवी आंदोलन आठवावे. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून निघालेली ही लाट डांग व सुरतेच्या आदिवासी पट्ट्यात पसरली. देवी अंगात येई आणि सांगे : दारू सोडा, ताडी सोडा. आदिवासींनी सोडली, आणि त्याबरोबर दारूच्या मक्तेदार-सावकारांवर बहिष्कारही घातला. डेव्हिड हार्डिमन यांनी यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. दारू सोडण्याचा निर्णयही लोकांचा स्वतःचा होता, हे या आंदोलनाचे सार.

१४/ सरकारची कोंडी पाहा. १९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती भारतीय मंत्र्यांकडे आली. एका हाताने शाळा उघडायच्या आणि त्यासाठीचा पैसा दुसऱ्या हाताने गुत्त्यातून काढायचा, अशी ही व्यवस्था. दारूबंदीचे पुढचे राजकारण या तिढ्यातून वर आले आहे. पण बंदी आली तेव्हा तिने इंग्रजांचीच चौकट उचलली : निर्णय सरकारचा, झडती पोलिसांची, आरोपी गावकरी.

१५/ आता आमच्या वऱ्हाडाकडे येऊ. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आलेला हा मुलूख १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, आणि मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९५९ मध्ये विदर्भालाही लागू झाला. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात मात्र जुन्या मध्य प्रांताचा १९१५ चा अबकारी कायदाच पुढे चालू राहिला.

१६/ परिणाम? आज मध्य प्रदेशात आदिवासी भागांतील अनुसूचित जमातीच्या कुटुंबांना ठराविक मर्यादेपर्यंत घरगुती वापरासाठी मोहाची दारू गाळण्याची सूट आहे. महाराष्ट्रात विनापरवाना गाळणे हा गुन्हा. डोंगर एक, झाड एक, भाषा एक, सोयरीकही एक. पलीकडच्या व्याह्याच्या घरी जे विधीचे पेय, ते अलीकडच्या घरी पंचनाम्याचे कारण. यात आरोग्याचे शास्त्र कोणते? हा केवळ १९५६ च्या नकाशाचा अपघात आहे.

१७/ आणि महाराष्ट्राला मद्याचे वावडे आहे, असेही नाही. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वाइनला सवलती दिल्या. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही लघु-बिअरशाळा सुरू झाली. ते नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी तळावरून इंग्रजीत गेलेल्या शब्दावरून आले आहे. द्राक्षाला धोरण, बार्लीला परवाना आणि मोहाला धाड : हा क्रम कोणत्या नीतिशास्त्रात बसतो?

१८/ मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये शिथिल केले, ही स्वागतार्ह गोष्ट. पण लागलीच काजूबोंडे आणि मोहफुले यांच्यापासून कारखान्यात होणाऱ्या मद्याला 'विदेशी मद्य' या वर्गात टाकण्याचा निर्णयही मंत्रिमंडळाने घेतला. मोहाचे झाड विदेशी! कारखानदाराच्या बाटलीत शिरताच जे प्रतिष्ठित होते, ते वेचणाऱ्या बाईच्या मडक्यात मात्र हातभट्टीच राहते.

१९/ "पण विषारी दारूचे बळी?" हा प्रश्न टाळून चालणार नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे दगावली. मात्र ती मोहाने किंवा घरच्या आंबवणीने मेली नाहीत. ती मेली मिथेनॉलने, म्हणजे कारखान्यांतल्या विषारी रसायनाने, जे नफेखोरांनी दारू म्हणून विकले. घरच्या मडक्यावर बंदी आणि परवान्याची बाटली महाग, या दोहोंच्या फटीत हा धंदा वाढतो.

२०/ "आणि बायकांचे काय?" हाच खरा प्रश्न. आडव्या बाटलीसाठी मतदान करणाऱ्या, गुत्त्यांपुढे ठाण मांडणाऱ्या स्त्रियांपुढे इतिहासाच्या विद्यार्थ्याने शहाणपण शिकवू नये. दारूने संसार उद्ध्वस्त होतात, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात दिसते. घरचे मडके निष्पाप असते, असेही मी म्हणत नाही. पण या स्त्रियांची लढाई प्रामुख्याने कोणाशी असते? रोज उघडणाऱ्या दुकानाशी आणि चोरट्या विक्रीशी. देवकार्यातल्या ओंजळभर मोहाशी नव्हे.

२१/ म्हणून माझी मागणी 'दारू मोकळी करा' अशी नाही. निर्णय कोणाचा, एवढाच माझा प्रश्न आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींना देण्याची तरतूद केली. शेजारच्या अमरावतीतले मेळघाट अनुसूचित क्षेत्रात आहे. बुलढाणा जिल्हा नाही. म्हणजे आमच्या सातपुड्यातल्या कोरकू गावाला मोह गाळण्याचा अधिकार नाही, आणि पेसाने दिलेला दारू अडविण्याचा अधिकारही नाही.

२२/ हे बदलायला हवे. घरगुती व विधीसाठीची निर्मिती आणि विक्रीचा धंदा यांत कायद्याने फरक करावा. मर्यादा काय, सण कोणते, बंदी हवी की नको, हे गावाने ठरवावे, आणि त्या सभेत स्त्रियांचा शब्द निर्णायक असावा. गावाने पूर्ण बंदी ठरवली तर तीही पाळली जावी. लादलेल्या बंदीपेक्षा गावाने ठरवलेली बंदी अधिक टिकते, हे देवी आंदोलनानंतर तरी वेगळे सांगायला नको.

२३/ आपल्यासाठी, म्हणजे इतिहास वाचणाऱ्यांसाठी, काम याहून सोपे आहे. 'हातभट्टी' हा शब्द लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तो शब्द पेयाचे वर्णन करीत नाही. परवाना नसल्याचे वर्णन करतो. अबकारी कायद्यांपूर्वी त्या मडक्याला गुन्ह्याचे नाव नव्हते. अबकारी दप्तरातील नोंदी साधन म्हणून अवश्य वापराव्यात, पण त्या दप्तराची नजर उसनी घेऊ नये.

२४/ परदेशातल्या परसबागेत हॉप्स फुलवणाऱ्याचे कौतुक जरूर करा. फक्त तेवढ्याच आदराने सातपुड्यात पहाटे मोह वेचणाऱ्या बाईकडेही पाहा. दोघांच्या हातात फुलेच आहेत. एकाच्या अधिकाराला त्याच्या देशाने कायद्यात जागा दिली, दुसरीचा अधिकार एका परक्या सरकारने हिशेबासाठी काढून घेतला आणि आपल्या सरकारने तो अजून परत केलेला नाही.

धागा समाप्त. मतभेद असल्यास अवश्य मांडावेत. मात्र साल आणि कायदा सांगून मांडावेत.