रायनची मुलगी आणि गावाचा न्याय

डेव्हिड लीन यांचा ‘रायन्स डॉटर’ (१९७०) सुट्टीत पुन्हा बघितला. तीन तासांहून मोठा आहे, दोन बैठकींत संपवला. मुलांना दाखवण्याजोगा नाही, हे आधीच सांगते. पण शिक्षक-पालकांनी तो जरूर बघावा.

पहिलं महायुद्ध चालू आहे. १९१६ चा डब्लिनचा उठाव चिरडला गेलाय, आयर्लंड आतून धुमसतंय. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यात गुत्ता चालवणाऱ्या टॉम रायनची मुलगी रोझी शाळामास्तर चार्ल्सशी लग्न करते. मास्तर विधुर, वयाने बरेच मोठे. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. संसारात तिचं मन रमत नाही आणि ती एका जखमी इंग्रज मेजरच्या प्रेमात पडते.

समीक्षकांनी तेव्हा या सिनेमाला झोडपलं. एवढीशी गोष्ट आणि केवढा पसारा, असं त्यांचं म्हणणं. लीन यांनी पुढचा सिनेमा थेट १९८४ मध्ये काढला, आपल्याकडे चित्रित झालेला ‘अ पॅसेज टू इंडिया’. पसारा आहे, मान्य. पण मला ही प्रेमकथा वाटतच नाही.

वादळाच्या रात्री बंडखोरांसाठी आलेली जर्मन शस्त्रं समुद्रातून काढायला अख्खं गाव लाटांत उतरतं. इंग्रजांना मात्र खबर आधीच पोचलेली असते. चुगली कोणी केली? खुद्द रायनने. गाव मात्र हिशोब करतं: मेजरकडे जाते ती रोझी, म्हणजे तीच. तिचे कपडे फाडतात, केस कापतात. मास्तर तिच्या बाजूने उभे राहतात, पण जमावापुढे त्यांचं काही चालत नाही. आणि बाप? गप्प. रोझीला सगळं कळतं, तरी ती त्याचं नाव घेत नाही.

तो गप्प बाप बघताना मला माझा सातवीचा वर्ग आठवला. चाचणीतली कॉपी मला एका मुलाने येऊन सांगितली होती. वर्गाने ठरवलं, सांगणारी ‘ती’च. का? तर मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे वह्या तपासून घ्यायला यायची. आठ दिवस तिच्याशी कोणी बोललं नाही, डब्याला एकटी. मला खरं माहीत होतं. पण नाव सांगणार नाही, असा शब्द त्या मुलाला दिला होता, म्हणून मी गप्प बसले.

आता वाटतं, ती पळवाट होती. “सांगणारी ही नव्हे,” एवढं वर्गासमोर म्हणायला कोणाचं नाव घ्यावं लागत नाही. मी ते म्हटलं, पण नवव्या दिवशी, तिची आई शाळेत आल्यावर. पोरगी त्यानंतर वह्या घेऊन कधी आली नाही.