गोळीनंतरचा उपचार

कर्जतच्या 'श्रद्धा' पुनर्वसन केंद्रात आणलेल्या माणसाला अनेकदा स्वतःचं नावही सांगता येत नाही. स्किझोफ्रेनियासारख्या आजारामुळे घरापासून तुटलेली, रस्त्यावर किंवा रेल्वेच्या फलाटावर दिवस काढलेली ही माणसं. औषधं लागू पडली, झोप लागू लागली की बोलणं हळूहळू जुळतं, आणि तिथून समाजसेवकाचं काम सुरू होतं. बोलीचा हेल कुठला, गावात जत्रा कोणत्या देवाची भरते, जवळचं स्टेशन कोणतं, अशा धाग्यांवरून गाव शोधायचं. तिथल्या पोलीस ठाण्याला फोन करायचा. मग त्या माणसाला सोबत घेऊन बिहारपर्यंत, कधी तमिळनाडूपर्यंत जायचं आणि दारात उभं राहून भावाला, बायकोला पटवायचं की हा आजार आहे, करणी नव्हे. बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवू नका, असंही बजावायचं. संस्थेचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक माणसं अशी घरी पोहोचली होती.

निदान आणि औषध मनोविकारतज्ज्ञाचं. पण बरा झालेला माणूस पुन्हा घरात, कामावर, चारचौघांत रुजवण्याचं काम समाजसेवक करतात, आणि ते उपचारांत मोजलं जात नाही. मानसिक आरोग्याबद्दल आपण हल्ली पुष्कळ बोलतो. त्या बोलण्यात डॉक्टर असतात, गोळ्या असतात, 'मन मोकळं करा' असा सल्ला असतो. घरोघरी जाणारा हा माणूस मात्र क्वचितच असतो.

खरं तर महाराष्ट्राला या कामाची ओळख जुनी आहे. आज 'टिस' (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणून ओळखली जाणारी मुंबईची संस्था १९३६ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या बालमार्गदर्शन केंद्रात देशातले पहिले मनोविकार समाजसेवक नेमले गेले. आपल्या सरकारी रुग्णालयांत या पदाला 'समाजसेवा अधीक्षक' म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम पायपिटीचं. रुग्णाची हकिकत नातेवाइकांकडून काढायची, घरी भेट द्यायची, औषध का सुटलं ते शोधायचं. औषध सुटण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: तालुक्याला जाण्याचं भाडं नाही, मजुरी बुडते, गोळीने दिवसभर गुंगी येते, देवऋषी म्हणाला की आता गरज नाही. यांपैकी एकही कारण चिठ्ठीवर उमटत नाही. डॉक्टरांना दिसतो तो फक्त पुन्हा बिघडलेला रुग्ण.

'टिस'चाच 'तराशा' हा प्रकल्प मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी २०११ पासून चालतो. या बायकांना घरचे परत नेत नाहीत, हा त्यांच्या आजाराहून अवघड प्रश्न. समाजसेवक त्यांना नोकरदार महिलांच्या वसतिगृहात जागा मिळवून देतात, काम शिकवतात, मालकाशी बोलतात. पहिल्या पगाराने त्या बाईला जो आत्मविश्वास मिळतो, तो कोणत्याही गोळीत नसतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा स्पष्ट सांगतो की, केवळ घरचे स्वीकारत नाहीत किंवा घरच नाही म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. तरीही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हंस फाउंडेशन'च्या देशव्यापी अहवालात, सरकारी मनोरुग्णालयांतले ३६ टक्के रुग्ण वर्षाहून अधिक काळ तिथेच असल्याचं दिसलं. कायदा झाला, पण त्या माणसाचा हात धरून बाहेर नेणारी पुरेशी माणसं नेमली नाहीत.

विदर्भातलं काम तर याच्याही पुढचं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबवला गेला. गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते आणि प्रशिक्षित समुपदेशक लोकांच्या घरी जाऊन बसत, बोलत. गरज पडली तरच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवत. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच कुणाची मदत घेत होते. दीड वर्षाने ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त हे निष्कर्ष छापून आले. नव्या औषधाने असा फरक पडला असता, तर राज्यभर त्याची खरेदी झाली असती.

याच विदर्भात, शेतकऱ्याने आत्महत्या केलेल्या घरात मागे राहिलेल्या बाईची झोप उडते ती फक्त दुःखाने नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, सावकार दारात येतो, सरकारची एक लाखाची मदत प्रकरण 'अपात्र' ठरलं म्हणून अडलेली. तिला 'खंबीर राहा' सांगणं क्रूरपणाचं आहे. तलाठ्याकडे तिच्यासोबत जाणारी, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून देणारी समाजसेविका ताई तिच्या मनावरच उपचार करत असते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आहे आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर आहेत. लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, आणि तो एका वर्षात तयार होत नाही. समाजकार्याची पदवी घेतलेली मुलं-मुली मात्र पुण्या-मुंबईपासून विदर्भापर्यंत दरवर्षी बाहेर पडतात आणि नोकऱ्या शोधत फिरतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात समाजसेवकाचं पद आहे, पण ते बहुतेक ठिकाणी कंत्राटी. जिथे वर्षभर विश्वास कमवावा लागतो, तिथे वर्षभराने माणूस बदलतो. रुग्ण आपली कहाणी पुन्हा नव्या माणसाला पहिल्यापासून सांगणार नाही. तो येणंच बंद करतो.

आरोग्य विभागाने ही पदं कायम करावीत, एका जिल्ह्याऐवजी एका तालुक्याला एक समाजसेवक द्यावा आणि गृहभेटीचा प्रवासखर्च वेळेवर द्यावा. वाचकांनाही एक विनंती. घरातल्या कुणावर सरकारी रुग्णालयात मानसिक आजाराचे उपचार चालू असतील, तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तसेच परतू नका. समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात ते विचारा आणि घरची अडचण त्यांना सांगा. रुग्णालयापर्यंत जाणं जमत नसेल, तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे.