हापूस उतरवणाऱ्यांचे खांदे

रत्नागिरी जिल्ह्याची कमाई आजही बऱ्याच अंशी माणसाच्या खांद्यातून निघते. नोव्हेंबरपासून मोहोरावरच्या फवारण्या, मार्च ते मे हापूसची काढणी, मिरकरवाडा आणि हर्णै बंदरांत जाळी ओढणे, मासळीचे क्रेट धक्क्यावर चढवणे, खाणीतले जांभ्याचे चिरे ट्रकमध्ये भरणे. यंत्रे आली तरी शेवटची उचल हातानेच होते. या कामांतला माणूस पन्नाशीच्या आसपास ‘हात वर जात नाही’ म्हणू लागला, की घरचे वात म्हणतात, शेजारी वय म्हणतात आणि औषधाच्या दुकानातून दुखण्यावरची गोळी येते. जिल्ह्याने या दुखण्याकडे डोळेझाक करण्याचे दिवस संपले आहेत.

खांद्याच्या सांध्याला चार स्नायूंच्या कंडरा पुढून, वरून आणि मागून धरून ठेवतात. डॉक्टर त्यांना रोटेटर कफ म्हणतात. त्यांतली वरची कंडरा हाडाच्या छताखालच्या अरुंद जागेतून जाते आणि हाडाला चिकटते तिथे तिचा रक्तपुरवठा मुळातच बेताचा असतो. हात डोक्याच्या वर नेऊन तासन्‌तास काम केले की ती तिथेच झिजते आणि कधीतरी फाटते. जपानमधल्या एका डोंगराळ गावात 683 रहिवाशांचे दोन्ही खांदे तपासले गेले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर पाच खांद्यांपैकी एकाची कंडरा आरपार फाटलेली निघाली. वाढते वय, पूर्वीचा मार आणि कामाचा हात ही त्यामागची ठळक कारणे होती. त्यांतल्या अनेकांना कसलाही त्रास नव्हता. म्हणजे कंडरा आधी फाटते, दुखणे मागाहून येते, आणि कधी येतही नाही.

पण केवळ वय आणि कष्ट यांवर खापर फोडून मोकळे होता येणार नाही. गेल्या दोन दशकांतल्या संशोधनाने आणखी काही कारणे समोर आणली आहेत: मधुमेह, धूम्रपान, रक्तातली वाढलेली चरबी, उच्च रक्तदाब आणि लठ्ठपणा. रक्तात साखर जास्त राहिली की कंडरेतले तंतू ताठर होतात आणि झीज भरून निघत नाही. बिडी-सिगारेटमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ओढण्याचे प्रमाण आणि वर्षे वाढतात तशी कंडरा फाटण्याची शक्यताही वाढते. शस्त्रक्रिया करून शिवलेली कंडरा पुन्हा उसवण्याचा धोकाही मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांना अधिक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी 35.5 टक्क्यांना उच्च रक्तदाब. साखरेचा विकार शहरातल्या बैठ्या माणसाचा, हा समज आता सोडलेला बरा. तो बागेत आणि बोटीवरही पोहोचला आहे. कष्टाने झिजलेला खांदा आणि साखरेने कमकुवत झालेली कंडरा एकाच माणसाच्या वाट्याला येणे, हा खरा धोका आहे.

आंब्याच्या काढणीकडेच पाहा. लांब काठी, तिच्या टोकाला पाते आणि जाळी. गडी मान मागे टाकून दोन्ही हात वर ताणतो, देठ पात्यात अडकवतो, हिसका देतो आणि फळांनी जड झालेली जाळी हळूहळू खाली घेतो. टोकाशी वजन थोडेच असते, पण काठी जितकी लांब तितका खांद्यावर ताण अधिक. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ दिला, त्यामुळे आंबा देठासकट आणि न आपटता उतरू लागला. फळाला मार लागू नये म्हणून एवढा विचार झाला; काठी धरणाऱ्याच्या खांद्याचा विचार अजून व्हायचा आहे. हलकी काठी, तासाभराने कामाची अदलाबदल, उंच कलमांची छाटणी करून झाड आटोक्यात ठेवणे यांत अशक्य काहीच नाही.

कायद्यालाही हा खांदा दिसला नाही. 1948 च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, गोंगाटाने येणारा बहिरेपणाही होता. फाटलेली कंडरा नव्हती. बाग आणि बोट तर कारखान्याच्या व्याख्येतच बसत नव्हत्या. नेपाळहून हंगामाला आलेल्या मजुराचा हात निकामी झाला तर तो गावी परततो आणि त्याची नोंद कुठेच उरत नाही.

उपचारातही वेळ दवडला जातो. मधुमेह्यांत खांदा आखडण्याचा विकारही पुष्कळ, त्यामुळे दोन्हींची गल्लत होते. आखडलेला खांदा दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही; कंडरा फाटली असेल तर बऱ्याचदा दुसरा माणूस हात वर नेऊ शकतो, पण रुग्णाला तो तिथे धरून ठेवता येत नाही. हे निदान नव्हे, डॉक्टरकडे जाण्याचा इशारा आहे. साध्या एक्स-रेत कंडरा दिसत नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. प्रत्येक फाटलेल्या कंडरेला शस्त्रक्रिया लागत नाही. झिजून फाटलेल्या अनेक खांद्यांना शिस्तीने केलेल्या व्यायामाने आराम पडतो. मात्र पडल्यानंतर किंवा हिसका बसल्यानंतर अचानक हात उचलता येईनासा झाला, तर चोळण्यात महिने घालवू नयेत. स्नायू मागे सरकतो, त्यात चरबी भरते आणि मग शिवण्याजोगे काही उरत नाही.

उपायाची निम्मी यंत्रणा हाताशी आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका जोखणारा फॉर्म, आशाताई घरोघरी जाऊन भरतात. वय, तंबाखू आणि कमरेचा घेर हे प्रश्न त्यात आहेतच, आणि हेच खांद्याचेही धोके आहेत. जिल्हा आरोग्य विभागाने त्यासोबत एकच प्रश्न जोडावा: दोन्ही हात डोक्यावर नेता येतात का? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बंदरांवर साखर, रक्तदाब आणि खांदा यांची एकत्र तपासणी व्हावी. आंबा मजुरांची तपासणी काढणी सुरू होण्यापूर्वी बागेतच व्हावी आणि बागायतदारांनी त्यासाठी अर्धा दिवस द्यावा. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असावा. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या कामकऱ्यांच्या खांद्यांची पहिली नीट मोजणी त्याने हाती घ्यावी.

वाचकांनाही एक सांगणे आहे. खांदा महिनाभर दुखत असेल, रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर खांद्याबरोबर रक्तातली साखरही तपासून घ्या. आणि बिडी आजच सोडा.