'जॉन कार्टर' : ताळेबंद आणि समीक्षा

डिस्नेचा 'जॉन कार्टर' ९ मार्च २०१२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि दहा दिवसांतच कंपनीने त्यापायी सुमारे २० कोटी डॉलरचा तोटा अपेक्षित असल्याचे जाहीर केले. चित्रपटाचा निकाल जणू तिथेच लागला. निर्मितीवर २५ कोटींहून अधिक डॉलर खर्च झाले. जगभरातून २८ कोटींच्या आसपास आले खरे, पण त्यातला मोठा वाटा चित्रपटगृहांचा आणि जाहिरातीचा खर्च निराळा. हिशेब बरोबर आहे. मात्र हिशेब म्हणजे रसास्वाद नव्हे.

ज्यांनी कलाकृती म्हणून विचार केला, त्यांतल्या अनेकांचा आक्षेप असा, की हे सारे 'स्टार वॉर्स' आणि 'अवतार'मध्ये पाहून झाले आहे. आम्हांस हा आक्षेप उफराटा वाटतो. एडगर राइस बरोज यांची मूळ कथा १९१२ साली 'ऑल-स्टोरी' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. वैराण ग्रह, लढवय्यी राजकन्या, परक्या भूमीत जाऊन पडलेला सैनिक हे साचे रूढ करण्यात तिचा मोठा वाटा आहे. 'अवतार'च्या संदर्भात खुद्द जेम्स कॅमेरून यांनी बरोज यांचे नाव घेतले होते. नातवासारखे नाक आहे म्हणून आजोबांना नकलाकार ठरवावे, तसाच हा प्रकार.

चित्रपट निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. आधी मंगळ, मग १८८१ सालचे न्यूयॉर्क, मग १८६८ सालचे अ‍ॅरिझोना, अशा तीन प्रारंभांत प्रेक्षक गोंधळतो. पण नायक एकटा शत्रूच्या झुंडीवर तुटून पडतो आणि त्याच वेळी पत्नी व मुलीला पुरणारे त्याचेच हात आपल्याला दिसतात, त्या प्रसंगाची दखल किती जणांनी घेतली? १९६५ साली 'मरिनर ४' यानाने मंगळाचा खडबडीत, विवरांनी भरलेला चेहरा दाखवला. तरीही दिग्दर्शक अ‍ॅण्ड्र्यू स्टॅण्टन यांनी बरोज यांच्या कल्पनेतला मंगळच निष्ठेने उभा केला, याची तरी?

मूळ कथेच्या शताब्दी वर्षात आलेल्या या चित्रपटाच्या नावातून निर्मात्यांनी 'ऑफ मार्स' हे शब्द गाळले. ते पडद्यावर उमटतात थेट शेवटी. आमच्या मते हा चित्रपट आता, तोट्याचा आकडा बाजूला ठेवून, त्या शेवटच्या नावापर्यंत पाहिला जावा.