हलाल तर आहेच, तय्यबचे काय?

अस्रची नमाज आटोपली की मुंबईचा मोहम्मद अली रोड, नागपूरचा मोमिनपुरा, मालेगावचे मोहल्ले, सगळीकडे कढया चढतात. समोसे, भजी, कटलेट, मालपोवे. मगरिबची अजान होते, खजुराने रोजा सुटतो आणि पुढच्या दहा मिनिटांत दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटात तळण आणि गोड सरबत एकदमच उतरते. मग तरावीहला उभे राहिले की छातीत जळजळ होते, डोळ्यांवर झापड येते. दोष मात्र रोजाला दिला जातो.

कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये अन्नाविषयी दोन शब्द जोडीने आले आहेत: हलाल आणि तय्यब. यातला पहिला शब्द समाजाने काटेकोरपणे सांभाळला. मटण कोणाच्या दुकानातले, जिलेटिन कशाचे, याची चौकशी लहान मूलही करते. तय्यब म्हणजे स्वच्छ, चांगले, शरीराला मानवणारे. याची चौकशी फारशी होत नाही. तीन-तीन दिवस उकळलेल्या तेलातली भजी हलाल असतील. ती तय्यब आहेत का, हा प्रश्न रमजानमध्ये विचारायचा नाही तर कधी?

आहारशास्त्राचे म्हणणे याहून वेगळे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रौढ माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत, साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नये, असे त्यात सांगितले आहे. २५ ग्रॅम साखर म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. इफ्तारच्या सरबताच्या एका मोठ्या पेल्यातच ती संपते. फिरनी, शीरखुर्मा, चहा हे सगळे त्यापुढचे.

सहेरीचेही तसेच. चहात बुडवलेला पाव किंवा खारी खाऊन रोजा धरला तर अकरा वाजताच पोटात खड्डा पडतो. मैदा आणि साखर लवकर पचून जातात. त्याऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी, घट्ट डाळ, एखादे अंडे आणि वाटीभर दही घेतले तर तंतू आणि प्रथिनांमुळे भूक उशिरा लागते. नाचणीची आंबील तर महाराष्ट्राच्या घरातलीच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात दहाच्या आसपास. लोणचे-पापड सहेरीला टाळावेत, मिठाने तहान वाढते.

इफ्तारला दोन-तीन खजूर, पाणी, कापलेली फळे आणि उकडलेले काळे चणे पुरेसे आहेत. चण्यांवर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू पिळावे. लिंबू चवीपुरते नसते, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे चण्यांतले लोह शरीराला अधिक मिळते. लगेच चहा प्यायला तर त्यातले बरेचसे वाया जाते, म्हणून चहा तासाभराने. दस्तरखानावरून परंपरा उठवायची गरज नाही. गहू, डाळी आणि गोश्त एकत्र शिजवलेला हलीम हे उत्तम जेवण आहे. वरचे तूप तेवढे बेताचे हवे.

पण हा हिशेब कोणाच्या ताटासाठी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या शंभरपैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. देशात हे प्रमाण ५७ आहे. मुस्लिम घरे या आकड्याबाहेर नाहीत. रमजानमध्ये सहेरीला सर्वांत आधी उठते ती घरातली बाई आणि सर्वांत शेवटी बसते तीही तीच. कलेजीचा तुकडा, अंडे, फळांची बशी पुरुषांपुढे आणि मुलांपुढे जाते. तिच्या वाट्याला उरलेला रस्सा आणि भात. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तरी घरातल्यांच्या देखत खायचे कसे म्हणून ती अर्धा दिवस उपाशी राहते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला शरीयतने सवलत दिली आहे, ती घेताना तिला अपराधी वाटू देणारे घरचेच असतात. रक्तक्षय असेल तर केवळ आहारावर भागत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याही घ्याव्या लागतात. मधुमेहींनीही रोजापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

चांगले खाणे महाग असते, ही तक्रार नेहमीची. काही फळांच्या बाबतीत ती खरीही आहे. पण चणे, नाचणी, पालक, शेंगदाणे, अंडी हे सारे रोज संध्याकाळी बाहेरून येणाऱ्या तळणाच्या पुड्यांपेक्षा महाग पडत नाही. मशिदींच्या कमिट्या शेकडो रोजेदारांना इफ्तार देतात. त्या पाकिटात भज्यांच्या जागी चणे आणि एक केळे आले, तर एका निर्णयाने शेकडो ताटे बदलतील.

घराघरांत मात्र हा निर्णय कमिटीने घ्यायचा नाही. आज इफ्तारला तळणाची एक बशी कमी करावी, चण्यांची वाटी ठेवावी आणि ती वाटी आधी स्वयंपाकघरातून शेवटी येणाऱ्या बाईपुढे सरकवावी.