टेन्शन किती घ्यायचं?

नांदेडच्या बाजारात बॅडमिंटनची रॅकेट घ्यायला गेलेला माणूस साधारण तीन गोष्टी बघतो: रंग, किंमत आणि जाहिरातीतला खेळाडू. चौथी गोष्ट दुकानदार सांगतो. "सर, ही हेड-हेवी आहे, स्मॅश लई जोरात बसतो." व्यवहार तिथेच मिटतो. तार कोणती आहे, ती किती पौंडांवर ओढली आहे, मूठ हातात बसते का, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. माझ्या मते निम्मा खेळ याच तीन गोष्टींवर ठरतो आणि तिन्हींचा मिळून खर्च फ्रेमच्या मानाने किरकोळ असतो. चष्म्याची फ्रेम कितीही भारी घेतली तरी दिसतं ते काचेच्या नंबरामुळे. रॅकेटच्या बाबतीत आपण फ्रेम स्वतःच्या पसंतीची घेतो आणि नंबर दुसऱ्याचा लावून फिरतो.

आधी स्मॅशचं बघू, कारण अर्धी विक्री त्याच्याच नावावर होते. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधल्या सोका इथे, योनेक्सच्या कारखान्याच्या व्यायामशाळेत, आपल्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारला आणि तो गिनीज बुकात गेला. त्याच्या हातात होती नॅनोफ्लेअर १००० झेड. ही रॅकेट हेड-हेवी नाही, उलट डोक्याकडे हलकी आहे. म्हणजे जोर येतो तो खांद्यातून, कोपराखालच्या हाताच्या वळणातून आणि शटल नेमकं कधी गाठलं यातून. त्या रॅकेटचा दांडा मात्र फार कडक आहे. सात्त्विकसारखा हात वेगाने फिरत असेल तरच असा दांडा वाकून परत झेपावतो. सकाळी दवाखाना उघडण्याआधी तासभर खेळणाऱ्या डॉक्टर लेनमधल्या डॉक्टरांच्या हातात तो वाकतच नाही. मग जोर कमी पडतो, तो भरून काढायला खांदा जास्त राबतो आणि महिन्याभरात डॉक्टरसाहेब स्वतःच अस्थिरोगतज्ज्ञ मित्राकडे जाऊन बसतात.

म्हणून फ्रेम निवडताना तीनच गोष्टी तपासाव्यात. पहिली वजन. दांड्याच्या बुडाशी ३यू, ४यू असं लिहिलेलं असतं. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४. आकडा वाढला की वजन उतरतं. आपल्यासारख्या हौशी खेळाडूंना, त्यातही डबल्स खेळणाऱ्यांना, ४यू पुरते. दुसरी गोष्ट तोल. रॅकेट एका बोटावर आडवी तोलून धरायची. बुडापासून २९ सेंटीमीटरच्या आसपास तोल साधला तर ती बरोबरीची, ३०च्या वर सरकला तर डोक्याला जड. तिसरी दांड्याची लवचीकता. नवख्यांनी मऊ किंवा मध्यम दांडाच घ्यावा. लहान मुलासाठी बापाची जुनी, जड रॅकेट हा तर सर्वांत वाईट वारसा. दहा वर्षांच्या पोराला आखूड, हलकी ज्युनिअर रॅकेटच द्यावी. नामवंत कंपन्यांच्या नकली रॅकेट बाजारात भरपूर आहेत, तेव्हा भाव फारच पडलेला दिसला तर बिल मागावं. फ्रेमचं पुराण इथे संपलं.

खरी गंमत तारेत आहे. गटिंग हा शब्द आपल्याकडे अजून टिकून आहे, कारण पूर्वी तार खरोखरच जनावराच्या आतड्याची असे. ती पावसाळ्यात ढिली पडे, आणि लाकडी फ्रेम वाकू नये म्हणून चार स्क्रूंच्या शिकंज्यात आवळून ठेवावी लागे. असल्या सरंजामावर सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली मलायात सेलंगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकले. परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांनाच मिळाला. नाटेकरांचं नाव झालं ते नेटजवळच्या नजाकतीमुळे आणि मनगटाच्या चकव्यांमुळे. हातातल्या साधनाची नस सापडलेल्या माणसाचा तो खेळ होता.

आता तार नायलॉनच्या अनेक बारीक तंतूंची असते. योनेक्सची बीजी ६५ ही सर्वांत ओळखीची. तिची जाडी ०.७० मिलिमीटर, म्हणून ती टिकते. त्याच कंपनीची एक्सबोल्ट ६३ जेमतेम ०.६३ मिलिमीटर. ती फटक्याला खणखणीत वाजते, शटल झपकन सोडते आणि चुकून फ्रेमजवळ फटका बसला की तुटते. खिसा आणि खेळ दोन्ही बघितले तर हौशी माणसाने जाड तारेपासून सुरुवात करावी.

मग येतो पौंडांचा प्रश्न. "अठ्ठावीस मारू का सर? एकदम टाईट?" असं विचारलं की आपल्याला बरं वाटतं. नाही म्हणणं कमीपणाचं वाटतं. पण टाईट तार म्हणजे जास्त जोर, हा समज उलटा आहे. ढिली तार शटलला आत घेते आणि उसळी देऊन परत फेकते, त्यामुळे कमी ताकदीतही शटल मागच्या रेषेपर्यंत जातं. टाईट तार शटलला लगेच सोडते. त्यात दिशेवर ताबा मिळतो, पण जोर सगळा आपल्याला घालावा लागतो. शिवाय जाळीच्या मधोमध जी नेमकी जागा असते, तीही टाईट तारेत आकसते. फटका थोडा जरी इकडेतिकडे बसला तरी हादरा थेट कोपरापर्यंत पोचतो. नवख्याने २० ते २२ पौंड, नियमित क्लबात खेळणाऱ्याने २३ ते २५ पौंड घ्यावेत. त्यापुढे जायचं ते आपला क्लिअर एका मागच्या रेषेवरून दुसऱ्या मागच्या रेषेवर सहज पडू लागल्यावर. फ्रेमवर कमाल ताण छापलेला असतो. तो ओलांडून फ्रेमला तडा गेला तर हमी मिळत नाही.

गावातल्या जुन्या गटिंगवाल्यांची कला वेगळी होती. मशीन नाही, पौंड नाहीत. एका हाताने तार ओढायची, दुसऱ्या हाताने भोकात टोच्या खुपसून ती अडकवून ठेवायची आणि बोटाने छेडून आवाजावरून अंदाज घ्यायचा. त्यांचे कान तयार होते, यात शंका नाही. पण हाताने ओढलेली प्रत्येक तार सारखी येत नाही, आणि फ्रेमला सगळीकडून आधार नसल्याने ती हळूहळू अंडाकृतीची बेढब होत जाते. मशीनवर फ्रेम सहा ठिकाणी धरली जाते. उभ्या तारा आधी, मग आडव्या, आणि आडव्या साधारण एखाद-दोन पौंड जास्त ताणाने. तेवढ्याने फ्रेमचा आकार जागेवर राहतो. एक गोष्ट मात्र घरी प्रत्येकाने करावी. खेळताना तार तुटली की बाकीच्या सगळ्या तारा त्याच दिवशी, मधून बाहेरच्या दिशेने कापून टाकाव्यात. तुटक्या जाळीचा एकतर्फी ओढा फ्रेमला वाकवतो. 'पुढच्या आठवड्यात करू' म्हणत रॅकेट कपाटात ठेवणारे पुढच्या आठवड्यात नवी रॅकेट घेतात.

या सगळ्यावर आपल्याकडचं ऊन आपला शिक्का मारतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की पत्र्याच्या छपराखालचं कोर्ट तापतं, हवा विरळ होते आणि शटल पळू लागतं. म्हणून शटलच्या डब्यावरचा वेगाचा आकडा वाचायची सवय लावावी. ७७ नेहमीचं धरलं तर उन्हाळ्यात ७६ किंवा ७५ घ्यावं. नायलॉनच्या शटलवर रंगीत पट्टी असते, त्यात हिरवी संथ, निळी मध्यम आणि लाल वेगवान. नियमात तपासणीही दिली आहे. मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने शटल मारायचं. ते समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर अलीकडे पडलं तर वेग योग्य. उन्हाळ्यात ही तपासणी केली की रोजच्या भांडणातली अर्धी मिटतात, कारण बाहेर जाणारं प्रत्येक शटल खेळणाऱ्याचा दोष नसतो. आपल्या कोरड्या हवेत पिसंही वाळून तडकतात. खेळायच्या आदल्या रात्री डब्याला थोडी वाफ दिली तर शटल जास्त तग धरतं.

तारही उन्हाने सैलावते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवलेली रॅकेट संध्याकाळी काढली की सकाळी भरलेले पौंड राहिलेले नसतात. उन्हाळ्यात शटल आधीच वेगात असतं, म्हणून पौंडभर जास्त ताण चालतो. थंडीत तोच एक पौंड कमी करावा. आठवड्यात जितके दिवस खेळता, वर्षात तितक्या वेळा गटिंग बदला, असा एक ढोबळ हिशेब खेळाडू सांगतात. तार तुटेपर्यंत वाट पाहणारे आपण बहुतेक वेळ मेलेल्या तारेवरच खेळत असतो.

राहिली मूठ. दुकानातून आलेल्या रॅकेटवर कंपनीची पातळ ग्रिप असते. तिच्यावर आपण एक ओव्हरग्रिप चढवतो, घाम येतो म्हणून दुसरी, आणि मूठ बघता बघता मुसळासारखी होते. मुठीखालचं लाकूड अष्टकोनी असतं. त्या कडा बोटांना लागल्या तरच फोरहँडवरून बॅकहँडवर मूठ न बघता फिरते. जाड ग्रिपमध्ये कडा हरवतात आणि बॅकहँड हरवतो. बोटं वळवून मूठ धरल्यावर बोटांची टोकं तळहाताला जेमतेम टेकत असतील तर माप बरोबर. योनेक्सच्या मापात जी ४ पेक्षा जी ५ बारीक. हात लहान असेल तर बारीकच घ्यावी, कारण बारीक मूठ जाड करता येते, जाड बारीक होत नाही. घाम फार येणाऱ्यांनी टॉवेल ग्रिप लावावी, वर थोडी पावडर. पण ती जड असते आणि हे वजन बुडाशी पडतं, त्यामुळे रॅकेटचा तोल हाताकडे सरकतो. डोक्याला जड रॅकेट घेऊन वर जाडजूड ग्रिप चढवणारा माणूस पैसे देऊन घेतलेलं वजन आपल्याच हाताने उतरवत असतो. हेच उलटं वापरून नको तितकी जड वाटणारी रॅकेट थोडी सुधारताही येते.

हे सगळं लातूर-नांदेडला का सांगायचं? लातूर पॅटर्नमुळे जिल्ह्या-जिल्ह्यांतली हजारो पोरं लातुरात शिकायला येतात. त्यांतल्या काहींच्या ट्रंकेत रॅकेट असते. क्लास सुटल्यावर गल्लीत दोन घटका शटल उडतं. त्यांना महागाच्या फ्रेमची गरज नाही, नीट ओढलेल्या तारेची आहे. नांदेडला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो आणि आजही तिकडे रेल्वे थेट जाते. २००८ साली गचिबावलीत पुलेला गोपीचंदची अकादमी उभी राहिली, तिथून सायना आणि सिंधू पुढे आल्या. तेव्हापासून आपल्याकडचा जो तो पालक हैदराबादची स्वप्नं बघतो. पोरगं तिकडे पाठवण्याआधी आपल्या गावात त्याच्या रॅकेटला कुणी नीट तार घालतं का, एवढं तरी बघायला हवं. तार तुटली म्हणून ट्रॅव्हल्सच्या बसने रॅकेट पुण्याला पाठवणारे खेळाडू मी पाहिले आहेत. ती परत येईपर्यंत सराव उसन्या रॅकेटवर.

सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत क्रीडा संकुलं बांधली. तिथे लाकडी कोर्ट झालं की फीत कापली जाते, चषक ठेवायला कपाट येतं. त्याच इमारतीत एका टेबलावर गटिंगचं मशीन बसवून, एखाद्या होतकरू पोराला ते चालवायला शिकवलं तर त्याला रोजगार मिळेल आणि खेळाडूंचे आठवडे वाचतील. पुढच्या स्पर्धेत चषकांची उंची थोडी कमी ठेवली तरी या मशीनचे पैसे निघतील. संकुलाच्या समितीत बसणाऱ्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि ज्यांना तिथे जाता येत नाही त्यांनी आज घरी जाऊन एवढंच करावं: रॅकेटची ग्रिप सोलून आत किती थर साचलेत ते मोजावेत.